बंदरामागची गावं

(पडघा येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



‘किनाऱ्यावरच्या जुन्या नगरांतली प्राचीन आणि मध्ययुगीन स्मारकं’ हा विषय तुम्ही मला दिलात. पडघ्याला समुद्र नाही. इथून खाडीही दिसत नाही, दिसतो तो माहुलीचा डोंगर. तरीही हा विषय बोलायला इतकी योग्य जागा ठाणे जिल्ह्यात क्वचितच मिळेल असं माझं मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

किनाऱ्यावरचं प्राचीन शहर म्हटलं की भूमध्य समुद्राच्या काठची चित्रं डोळ्यांपुढं येतात. क्रोएशियातलं स्प्लिट घ्या. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने इसवी सन 300 च्या सुमारास समुद्राला लागून एक भला मोठा राजवाडा बांधला. त्याच्या पश्चात काही शतकांनी शेजारच्या उद्ध्वस्त शहरातली माणसं त्या तटाच्या आत आसऱ्याला आली आणि तिथंच राहिली. ज्या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ केला, त्याच्या समाधीचं पुढं ख्रिस्ती मंदिर झालं. राजवाड्याच्या ओवऱ्यांत घरं झाली, घरांखाली दुकानं झाली, आणि आजही तिथं माणसं राहतात. 1979 साली युनेस्कोने तो सगळा भाग जागतिक वारशाच्या यादीत घातला. तिथं इजिप्तहून आणलेले ग्रॅनाइटचे खांब आहेत, इजिप्तचेच स्फिंक्स आहेत. एका फेरफटक्यात हजार-दीड हजार वर्षं पाहून होतात, कारण सगळं एका तटाच्या आत आहे.

आपल्याकडं तसं नाही. आपलं बंदर खाडीच्या तोंडाशी, देऊळ खाडीच्या आत, लेणं डोंगरात, दानपत्र शेतात आणि शिलालेख बांधावर. एकाच गोष्टीचे हे तुकडे चाळीस-पन्नास मैलांत विखुरलेले. त्यामुळं आपण त्यांना वेगवेगळी नावं देतो, वेगवेगळ्या सहली काढतो, आणि हे सगळं मिळून एक नगर होतं हे विसरतो. सोपारा, कल्याण, ठाणं ही त्या नगराची दारं होती. घर होतं ते मागच्या गावांत. पडघ्याच्या आसपासच्या, तुमच्या गावांत.

आधी दारापाशी जाऊ.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने, किंवा खलाशाने, तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या प्रवासाची एक टिपणवही लिहिली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्याने आपलं नाव लिहिलं नाही, पण बंदरांची नावं लिहिली: भडोच, सोपारा, कल्याण, चौल. कल्याणबद्दल त्याची तक्रार आहे. पूर्वीच्या राजाच्या काळात हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण आता सत्ता बदलली आणि तिथं शिरलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो म्हणतो. सातवाहन आणि क्षत्रप यांची किनाऱ्यासाठी चाललेली झोंबाझोंबी त्या एका ओळीत आली आहे. जकात कोणाच्या तिजोरीत पडायची, हा प्रश्न होता.

तोच लेखक पैठण आणि तगर या आतल्या बाजारपेठांचीही नोंद करतो. तगर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर, आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं. तिथून गाड्या भरून माल किनाऱ्याकडं यायचा. जालन्याजवळच्या भोकरदनला आणि तेरला ज्या घडणीच्या हस्तिदंती बाहुल्या सापडल्या, तशीच एक 1938 साली इटलीतल्या पॉम्पेईला सापडली. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती त्याच्या आधी तिथं पोचलेली होती. उलट दिशेने आलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची लहानशी मूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळाली. आणि अगदी अलीकडं, तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या इजिप्तच्या बंदरात, इसिस देवीच्या देवळाच्या आवारात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं. त्याच बंदरात आपल्याकडच्या रांजणात भरलेले साडेसात किलोंहून अधिक काळे मिरे आधीच मिळाले होते.

हे नुसतं अभिमानाने सांगायचं नाही. यात चालणारी माणसं दिसायला हवीत. तेरहून निघालेला माल घाट उतरून कोकणात येतो, मग बंदराला. नाणेघाटाचा रस्ता कल्याणला येतो, थळघाटाचा रस्ता नाशिकहून उतरतो, कसारा, शहापूर करत याच पट्ट्यातून खाली जातो. आज तुम्ही ज्याला मुंबई-आग्रा रोड म्हणता तो इंग्रजांनी पक्का केला. वाट त्यांच्या कितीतरी आधीची. बैलांना चारा, पाणी आणि रात्रीचा मुक्काम लागतो. मुक्काम जिथं, तिथं गाव.

आता माझा मुद्दा सांगतो. या किनाऱ्यावर जे काही बांधलं गेलं, त्यातलं पुष्कळसं येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी बांधलं गेलं. राजवाडे आपल्याकडं उरले नाहीत. उरलं ते लेणं, टाकं, तळं, देऊळ, आणि या सगळ्याच्या खर्चाची तजवीज करून ठेवणारे लेख. मी त्या लेखांनाही स्मारक मानतो. किंबहुना देवळाच्या शिखरापेक्षा देवळाच्या दिव्याला तेल कुठून यायचं हे सांगणारा दगड मला जास्त मोलाचा वाटतो.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताचा लेख आहे. तो क्षत्रप नहपानाचा जावई, शक कुळातला, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने परका. त्याने काय काय केलं ते लिहून ठेवलं आहे. पारडा, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर नावा ठेवून उतारूंची फुकट ने-आण सुरू केली. दोन्ही तीरांवर बसायला निवारे आणि पाणपोया घातल्या. भडोच, मंदसोर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपलं सोपारं, इथं धर्मशाळा बांधल्या. विहिरी, तळी, बागा केल्या. नानंगोल गावातली बत्तीस हजार नारळाची झाडं साधूंच्या निर्वाहासाठी लावून दिली. डहाणूची खाडी ज्यांनी होडीने ओलांडली आहे त्यांना ‘फुकट तर’, म्हणजे फुकट होडी, या शब्दांचं वजन कळेल.

आता आठशे वर्षं पुढं या. डहाणूजवळ चिंचणी इथं काही ताम्रपट मिळाले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी ‘मधुमति’ हा ताजिक, म्हणजे अरब, मुसलमान होता. मधुमति हे महंमद या नावाचं संस्कृत रूप. त्याने काय केलं? दोन प्रवाहांवर फुकट तर चालू केली. प्रवाशांना भात, कालवण आणि तूप मिळेल असं अन्नछत्र घातलं. आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला जमीन मिळवून दिली. शक राजपुत्र आणि अरब कारभारी, मध्ये आठ शतकं, राज्यं वेगळी, धर्म वेगळे, आणि दोघांनाही पहिली आठवण झाली ती पैलतीरावर खोळंबलेल्या माणसाची. या किनाऱ्याने आपल्या राज्यकर्त्यांना लावलेली ही शिस्त होती असं मला वाटतं. खाड्यांच्या मुलखात सत्ता टिकवायची तर उतार सुरू ठेवावा लागतो.

सोपाऱ्याकडं जरा थांबून पाहू या, कारण तिथं प्राचीन आणि मध्ययुगीन एकाच पेटीत सापडतात. 1882 सालच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखलं जाणारं टेकाड उकरलं. भगवानलाल मूळचे जुनागडचे. गिरनारच्या वाटेवरचा अशोकाचा लेख त्यांच्या गावचाच, आणि अक्षरं वाचण्याचा नाद तिथूनच लागलेला. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर तयार करणारे जेम्स कॅम्पबेल यांना त्यांची फार मोठी मदत होती. टेकाड म्हणजे विटांचा स्तूप निघाला. मधोमध विटांची कोठी, कोठीत गोल दगडी पेटी, झाकण उचललं तर मध्ये तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती वर्तुळात बसवलेल्या आठ धातूच्या बुद्धमूर्ती. सात मानुषी बुद्ध आणि आठवा यायचा आहे तो मैत्रेय. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडीत काय? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. भोवती सोन्याची फुलं विखुरलेली.

त्याच पेटीत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, न वापरलेलं. आणि त्या आठ मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या घडणीच्या आहेत. याचा अर्थ काय होतो पाहा. स्तूप जुना. मध्ययुगात कोणीतरी तो उघडला. आतलं सोनं नेलं नाही. आपल्या काळच्या मूर्ती घडवून घेतल्या, करंड्याभोवती मांडल्या, त्यांची तोंडं जपून लावली, आणि पेटी बंद करून वर पुन्हा विटा रचल्या. हजार वर्षांनी भगवानलालांनी झाकण उचलेपर्यंत ती तशीच राहिली. जीर्णोद्धाराचा इतका नितळ नमुना मला दुसरा माहीत नाही. ते करंडे आणि मूर्ती आज मुंबईला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

त्याच वर्षी सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ भगवानलालांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक फुटका तुकडा मिळाला. 1956 साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. महाराष्ट्रात अशोकाच्या चौदा लेखांचा संच इथं होता याचा तो पुरावा. आणि आठवा लेख कशाबद्दल आहे? प्रवासाबद्दल. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण मात्र धर्मयात्रेला निघालो, वाटेत श्रमण-ब्राह्मणांना भेटलो, वृद्धांना दान दिलं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोललो, असं तो राजा सांगतो. त्याने हे बंदरात कोरून घेतलं, जिथं परगावची माणसं उतरतात.

कल्याणचं आज वरवर पाहून फारसं हाती लागत नाही. जुन्या शहरावरच नवं शहर बसलं. काळा तलाव आहे, त्याच्या काठी काळी मशीद आहे, खाडीवर दुर्गाडी आहे. पण कल्याणची प्राचीन माणसं भेटायची असतील तर कान्हेरीला जावं लागतं. तिथल्या लेखांत कल्याणचे दाते पुन्हा पुन्हा येतात. सामिदत नावाच्या एका सोनाराने तिथं पाण्याचं टाकं खोदवून दिलं आणि आपण कल्याणचे, हे आवर्जून कोरलं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ख्रिस्ती प्रवासी कल्याणला ख्रिस्ती वस्ती असल्याचं आणि तिचा धर्मगुरू इराणातून नेमला जात असल्याचं लिहितो. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी चौलला आला तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता, आणि तिथं मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. ज्या बंदरात सगळे येतात तिथं सगळ्यांना जागा द्यावी लागते, हे त्या काळच्या राजांना कोणी शिकवावं लागलं नाही.

आता खाडी ओलांडून आपल्या बाजूला येऊ. कल्याणहून पडघ्याला यायचं तर गांधारीच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडायची आणि बापगाव, चौधरपाडा, लोणाड फाटा करत यायचं. आज इथं जमलेल्यांपैकी निम्मे लोक त्याच रस्त्याने आले असतील. दोन्ही बाजूंना गोदामांच्या निळ्या पत्र्यांच्या रांगा, कंटेनरची वर्दळ. या रस्त्याच्या आसपास शिलाहार काळाचे जितके लिखित पुरावे आहेत, तितके एवढ्याशा टापूत इतरत्र सापडणं कठीण.

आधी भादाणे. या गावाच्या नावाने ओळखला जाणारा ताम्रपट शके 919 चा आहे, इसवी सन 997 चा. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित याने ठाण्याहून तो दिला. दक्षिणायनाच्या पर्वकाळी त्याने भादाणे गाव लोणादित्य या सूर्यदेवाच्या देवळाला लावून दिलं. देऊळ होतं लवणेतट इथं, म्हणजे आपल्या लोणाडला. एक हजार पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला आणि दान दिलेलं गाव, दान घेणारं गाव दोन्ही त्याच नावांनी नांदती आहेत. तुमच्या एसटीच्या पाट्यांवर आहेत.

या ताम्रपटात आणखी एक गोष्ट आहे जिच्यामुळं तो मला फार जवळचा वाटतो. शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. 973 साली चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचं राज्य बुडवलं. अपराजित खरं तर त्यामुळं मोकळा झाला होता. चोवीस वर्षांनी दानपत्र लिहिताना त्याला जुन्या धन्याचं नाव घेण्याची काही गरज नव्हती. तरी त्याने राष्ट्रकूटांची वंशावळ पहिल्यापासून दिली आणि ते राज्य लयाला गेलं याचा खेद नोंदवला. तांब्याच्या पत्र्यावर, एका खेड्याच्या दानाच्या कागदात, पडलेल्या राज्याबद्दलची ही निष्ठा. तुमच्या गावाच्या मालकीहक्काचा सगळ्यात जुना कागद अशा मनाच्या माणसाने केलेला आहे. आणि हेच शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. तगर म्हणजे तेच तेर, ज्याच्या गाड्यांची नोंद ग्रीक खलाशाने केली होती. बंदराचा राजा आपलं मूळ आतल्या पेठेत सांगतो.

लोणाडला आणखी थर आहेत. डोंगरात बौद्ध लेणं आहे, बरंचसं अपुरं राहिलेलं. ओसरीत उठावाचा शिल्पपट आहे: आसनावर राजपुरुष, भोवती परिचारिका, दरबाराचा थाट. भिक्खू गेले, लेणं ओस पडलं असावं, मग तिथं खंडेश्वरी देवी आली. आज ते देवीचंच स्थान आहे, आणि नवरात्रात तिथं पंचक्रोशी लोटते. स्प्लिटच्या समाधीत ख्रिस्ती मंदिर झालं ते आपण कौतुकाने पाहतो. लोणाडच्या लेण्यातही तेच झालं आहे. पूजा चालू राहिल्यामुळं लेण्यात गुरं बांधली गेली नाहीत, दारू प्यायला कोणी बसलं नाही. बुद्धाचं की देवीचं, हा वाद मी इथं घालणार नाही. छिन्नी चालवणाऱ्यांचा आणि दिवा लावणाऱ्यांचा, दोघांचाही त्यावर हक्क आहे. मात्र शिल्पपटावर तेलरंग फासू नये एवढं मी हात जोडून सांगेन.

गावात रामेश्वराचं पडकं देऊळ आहे, शिलाहार धाटणीचं. अंबरनाथचं देऊळ आपल्या सर्वांना माहीत आहे. शके 982 चा, म्हणजे 1060 चा, मुम्मुणी राजाचा लेख त्यात आहे आणि त्याच्या बाहेरच्या भिंती पाहताना मान दुखते पण नजर हलत नाही. लोणाडचं देऊळ त्याच घराण्यातलं, धाकटं आणि दैवाने मागे पडलेलं. अंबरनाथला जाणाऱ्या दर शंभर माणसांतल्या पाचांनी जरी पुढं लोणाडपर्यंत यायचं ठरवलं तर त्या देवळाचे दिवस पालटतील.

लोणाडचाच शके 1106 चा, म्हणजे 1184 चा, दुसऱ्या अपरादित्याचा शिलालेख आहे. आणि चौधरपाड्याचा शके 1161 चा, दुसऱ्या केशिदेवाचा. हा केशिदेव त्याच अपरादित्याचा, म्हणजे अपरार्काचा, मुलगा. माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र. त्या दिवशी राजाने बोपग्रामातली ब्रह्मपुरी नावाची वाडी सोम नावाच्या कवीला, शोंपेश्वर महादेवाच्या उपासकाला, दिली. बोपग्राम म्हणजे रस्त्यावरचं बापगाव. एका कवीला इथं वाडी इनाम मिळाली होती. आज कवीच्या मिळकतीत बापगावात किती गुंठे येतील ते तुम्हीच मला सांगा.

त्या काळचे असे दानाचे दगड कसे असतात ते अनेकांनी पाहिलं असेल, पण निरखून पाहिलं नसेल. पुरुषभर उंचीची उभी शिळा. वर कलश, त्याच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र: ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावं. मध्ये लेख, देवनागरीच्या जुन्या वळणाचा, संस्कृत सुरू होऊन मध्येच मराठीत उतरणारा. आणि कित्येकदा खाली गाढव आणि स्त्री यांचं ते चित्र, ज्याच्यामुळं लोक त्याला गधेगळ म्हणतात. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे. आज ती वाचताना संकोच वाटतो, आणि वाटावाच, कारण गुन्हा करणाऱ्या पुरुषाची शिक्षा त्याच्या आईच्या माथी मारलेली आहे. पण तिचा उपयोग काय होता तेही समजून घ्या. राजा मरेल, राज्य बुडेल, दानपत्राचा तांब्याचा पत्रा कोणी वितळवील. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही कळेल अशी ताकीद शेताच्या बांधावर हवी होती. मराठीचे सर्वांत जुने लेख आपल्याला अशाच दगडांवर मिळाले आहेत. अलिबागजवळचा आक्षीचा लेख शके 934 चा, म्हणजे 1012 चा. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ सिद्ध केला, वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र संपादित केले. या दोघांच्या खांद्यावर उभं राहूनच आज मला तुमच्याशी बोलता येतं.

शिलाहारांचा शेवट समुद्रातच झाला. शेवटचा राजा सोमेश्वर यादव महादेवाशी लढताना जहाजावर होता आणि बुडून मेला, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांची युद्धनौका, वर सरसावलेले धनुर्धारी, सगळं कोरलेलं आहे. त्यानंतरचा इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून मी तो भराभर ओलांडतो. 1657 च्या ऑक्टोबरात शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लगोलग खाडीत गलबतं बांधायला घेतली. पोर्तुगीज कारागीरही कामाला लावले. मराठी आरमाराचं पहिलं लाकूड इथल्या खाडीत उतरलं. ते लाकूड कुठून आलं असेल? खाडीच्या मागचं रान कोणतं, हे माहुलीकडं बघून तुम्हीच ठरवा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिच्या तटाआतली चर्च आजही उभी आहेत.

आता आजचं बोलतो, कारण ते टाळून चालणार नाही.

समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोक आमण्याला आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 2025 च्या जूनमध्ये खुला झाला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. भिवंडीभोवतीची गोदामं देशातल्या सर्वांत मोठ्या साठवणीच्या केंद्रांपैकी एक आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांनी या गावांचं काम तेच आहे: बंदराचा माल साठवणं आणि घाटावर पाठवणं. मला याचं वाईट वाटत नाही. जमीन विकून मुलांना शिकवणाऱ्या शेतकऱ्याला, किंवा गोदामात रात्रपाळी करणाऱ्या पोराला, इतिहासासाठी उपाशी राहा असं सांगायला मी आलेलो नाही.

मला भीती आहे ती सपाटीकरणाची. गोदामाला सपाट, भराव घातलेली जागा लागते. टेकाड फोडलं जातं, तळं बुजवलं जातं, बांध मोडला जातो. आपला इतिहास नेमका टेकाडात, तळ्यात आणि बांधावर आहे. सोपाऱ्याचा स्तूप हे टेकाडच होतं. अशोकाचा लेख तळ्याकाठी होता. दानाचे दगड बांधावर असतात. पोकलेन चालवणाऱ्याला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. त्याला सांगणारं कोणीतरी गावात हवं.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. 1958 च्या केंद्रीय कायद्याखाली संरक्षित असलेल्या स्मारकाच्या 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पण ज्या वस्तूचं नाव कोणत्याच यादीत नाही, तिला हे छत्र नाही. सुटी मूर्ती, वीरगळ, कोरीव चिरा, तळ्याची पायरी यांचं रक्षण प्रत्यक्षात क्वचितच होतं. 1878 चा निखात निधीचा कायदा मात्र आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. कळवलं की काम कायमचं बंद पडतं, जमीन सरकारजमा होते, अशी अफवा गावोगाव आहे. या अफवेपायी किती चिरे रातोरात भरावात गेले असतील याचा विचार करून मला झोप लागत नाही.

म्हणून माझी मागणी सरकारकडं नंतर, आधी या सभेकडं आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक वही घालावी. गावातला प्रत्येक कोरीव दगड, जुनी विहीर, तळं, बारव, पडकं देऊळ, दर्गा, वीरगळ यांची नोंद करावी. गट नंबर, लांबी-रुंदी, चारही बाजूंचे फोटो, म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली हकीकत. हायस्कूलच्या नववीच्या वर्गाला हे काम सुट्टीत सहज जमेल, आणि मोबाइल आता कोणाकडं नाही? ती वही ग्रामसभेपुढं वाचून ठराव करावा आणि ठरावाची नक्कल तहसीलदारांना, पुरातत्त्व खात्याला द्यावी. एकदा सरकारी दप्तरी नोंद पडली की दगड हलवणाऱ्याला विचारणारा कोणीतरी राहतो.

अक्षरांवर खडू किंवा शेंदूर लावून ती उठवू नका. तिरक्या उन्हात, सकाळी लवकर किंवा मावळतीला, ती आपोआप वाचता येतात. दगड स्वच्छ करायला ॲसिड, तारेचा ब्रश काही वापरू नका, साधं पाणी आणि मऊ कुंचा पुरे. जीर्णोद्धार करताना जुने चिरे फेकू नका, फरशी आणि ऑइलपेंट यांच्यासाठी वर्गणी जमवू नका. देऊळ पाडून सिमेंटचं बांधायचं ठरलंच, तर पाडण्याआधी निदान मोजमाप आणि फोटो घेऊन ठेवा.

आणि गोदामांच्या मालकांकडंही एक मागणं आहे. रस्त्यावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांना प्यायला पाणी आणि सावली मिळत नाही. बिहारपासून तामिळनाडूपर्यंतची ती माणसं आहेत. या मुलखात राज्य करणाऱ्या शकाने पाणपोया घातल्या, अरबाने भात-तूप वाढलं, कल्याणच्या सोनाराने टाकं खोदलं. तुम्ही आमण्याच्या फाट्यावर एक चांगली पाणपोई बांधा, शेजारी बसायला ओटा करा. त्यावर हवं तर आपलं नाव कोरा. दगडावर कोरा, फ्लेक्सवर नको.

वह्यांचं काम सुरू करायचं असेल तर लोणाड आणि चौधरपाड्यापासून करावं, तिथं लेखांचं वाचन छापलेलं असल्याने शिकायला सोपं जाईल. भादाण्याची शीव अजून कोणी चालून पाहिलेली नाही. ती चालून पाहायला ज्यांना यायचं आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर दाराशी ठेवलेल्या कागदावर नावं द्यावीत. भातं निघाली आणि पायवाटा मोकळ्या झाल्या की दिवाळीनंतरच्या एका रविवारी निघू.